लहान कारखानदाराचा सुटा भाग आणि त्याची किंमत : मोटारींच्या शक्तिवर्धक भागांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा शहर गाठण्यापूर्वी जवाहरनगरवरून जातो. पुढे लाखनीजवळ गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना असून तेथे मालवाहू वाहनांचे गिअरबॉक्स तयार होतात. अशा महामार्गालगतच्या गॅरेजात एकाच सुट्या भागाचे दोन भाव सांगितले जातात : कंपनीचा आणि लोकल. लोकल भाग स्वस्त असतो आणि त्याचे गिऱ्हाईक ते जाणूनच त्याला घेते. मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी, ब्रेक वा सस्पेन्शन सुधारण्यासाठी लहान कारखान्यांत जे भाग तयार होतात, त्यांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटतो. तेथे कंपनीबाहेरचा भाग कंपनीच्या भागापेक्षा महाग असतो. ही वाढीव किंमत समर्थनीय आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या अंगाने केला आहे.

प्रथम खर्चाचे गणित पाहू. (वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांनी या आक्रमणाबद्दल क्षमा करावी.) एका भागाचा साचा व अन्य साधने यांस २ लाख रुपये लागले असे गृहीत धरू. हा खर्च १ लाख नगांवर वाटला तर प्रत्येक नगावर २ रुपये पडतात. १०० नगांवर वाटला तर २,००० रुपये. म्हणजे लहान उत्पादकाचा जादा दर हा बहुधा त्याचा लोभ नसून अल्पसंख्य नगांचा परिणाम असतो. परंतु किंमत का वाढली हे कळले म्हणजे ती योग्य ठरली असे नव्हे. साच्याचा खर्च सोसणाऱ्या ग्राहकाच्या मोटारीला त्यातून काहीच मिळत नाही.

तुटवड्याचा काळ

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली व तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. ज्यांच्याजवळ देशातच उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच यापुढे परवानगी, असे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारले. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. कंपनी गेली, तरी तिच्या गाड्या येथेच राहिल्या. आयात परवान्यांच्या त्या काळात अशा गाड्यांचा झिजलेला भाग लेथवर घडवून देणारा मिस्त्री हाच अनेकदा मालकाचा एकमेव आधार असे. त्याने मागितलेला दर हा गुणवत्तेचा दर नव्हता. तो टंचाईचा दर होता. पर्यायच नसेल तर किमतीच्या समर्थनाचा प्रश्न उद्भवत नाही.

शर्यतीच्या हौशीलाही याच कारागिरांनी हात दिला. जुहूच्या धावपट्टीवर व मद्रासजवळील शोलावरम येथे मोटारशर्यती होत. कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० मोटारीचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे होते. अशा इंजिनाची शक्ती वाढवायची तर सिलिंडर हेड घासून दाब वाढविणे, धूर सुलभपणे बाहेर सोडणारी नळी बसविणे, कार्ब्युरेटर बदलणे हे मार्ग सर्वत्र रूढ होते. मात्र यांतील कोणताही उपाय एकटा फळत नाही. दाब वाढविला की अधिक ऑक्टेनचे पेट्रोल लागते. ते नसेल तर इंजिन ठोके देऊ लागते. नळी बदलली आणि इंधनाचे प्रमाण तसेच ठेवले, तर पुष्कळदा केवळ आवाज वाढतो. तेव्हा ग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो ती वस्तू मुळात धातूचा तुकडा नसून तो बसविणाऱ्याचे ज्ञान असते, आणि ते ज्ञान भागासोबत खोक्यात घालून विकता येत नाही.

तुरीन आणि कोइमतूर

फियाटच्याच मायभूमीत या व्यवसायाने वेगळे वळण घेतले. कार्लो आबार्थ यांनी १९४९ साली आपली कंपनी स्थापन केली. ती पुढे तुरीन येथे नांदली. फियाटच्या सामान्य छोट्या मोटारींसाठी बनविलेले तिचे सायलेन्सर प्रसिद्ध झाले. त्यांना जादा किंमत मिळाली याचे कारण आबार्थच्या गाड्या शर्यतींत आणि वेगाच्या विक्रमांत सर्वांसमक्ष उतरत होत्या. हरल्या तर ते लपत नव्हते. १९७१ साली फियाटने ही कंपनीच विकत घेतली. मुंबईच्या कारागिराजवळ हातोटी नव्हती असे नाही. अशी जाहीर नोंदवही नव्हती.

भारतात याच्या सर्वांत जवळ गेले ते कोइमतूरचे एस. करिवर्धन. त्यांनी मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही एकआसनी शर्यतगाडी तयार केली. बाजारात सहज मिळणारे, कंपनीने मोठ्या संख्येने बनविलेले भाग तसेच ठेवायचे आणि स्वतःची बुद्धी सांगाडा व जुळणी यांवर खर्च करायची, ही त्यांची रीत. प्रस्तुत लेखकाच्या मते लहान कारखानदाराने आपले श्रम कोठे खर्चावेत याचे याहून स्पष्ट उत्तर आपल्या देशात कोणी दिलेले नाही. १९९५ साली विमान अपघातात करिवर्धन यांचे निधन झाले. नारायण कार्तिकेयन यांची कारकीर्द याच फॉर्म्युला मारुतीतून सुरू झाली.

तपासणीची किंमत

जवाहरनगरच्या वाचकाला पुढील मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. येथील आयुधनिर्माणीत प्रक्षेपकद्रव्ये तयार होतात; ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आहे. माल घडविणारा एक आणि तो पारखून घेणारा दुसरा, ही वाटणी दारूगोळ्याच्या व्यवहारात मूलभूत मानली जाते. अमान्य झालेल्या मालाचा व चाचणीत खर्ची पडलेल्या नमुन्यांचा भार शेवटी उत्तीर्ण मालावरच पडतो, आणि तो अवास्तव आहे असे कोणी म्हणत नाही. मोटारीच्या ब्रेकलाही हाच न्याय लागू पडतो. काही नमुने मुद्दाम तुटेपर्यंत ताणून पाहिले असतील, तर त्या तुटलेल्या नगांची किंमत ग्राहकाने अवश्य द्यावी. न तपासलेला महाग भाग मात्र न तपासलेल्या स्वस्त भागाइतकाच धोक्याचा असतो.

वाहनांच्या चाचणीसाठी पुण्यात १९६६ साली एआरएआय ही संस्था स्थापन झाली. परंतु प्रमाणनाचा खर्चही साच्याच्या खर्चासारखाच वागतो : लाख नगांवर तो जाणवत नाही, शंभर नगांवर पेलवत नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. शिक्षा मालकाला आहे. त्यामुळे भाग विकत घेताना तो कोणत्या चाचणीत उतरला, बसवून कोण देणार आणि बिलावर नाव कोणाचे, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावे लागतात. आणि पावतीशिवाय चालणाऱ्या व्यवहारात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा मिळत नाही.