साथीदाराचें आसन

पुण्याहून सोलापूरकडे जातांना इंदापूर तालुक्यांत पळसदेव नांवाचें गांव लागतें. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि जुनें पळसदेव जलाशयाखालीं गेलें. वस्ती वरच्या बाजूस सरकली. पळसनाथाचें प्राचीन देऊळ मात्र पाण्यांतच राहिलें. ज्या वर्षीं पाणी फार ओसरतें त्या वर्षीं तें पुन्हां उघडें पडतें. अशाच एका उन्हाळ्यांत तें पाहावयास गेलों असतां रात्रीं एका स्नेह्यांच्या घरीं चारसहा मंडळी जमली. यजमानांच्या चिरंजीवांनीं एक ध्वनिमुद्रिका लावली. त्रिलोक गुर्टू या ड्रमवादकाची, स्वतःच्या नांवानें निघालेली ती पहिली ध्वनिमुद्रिका. नांव ‘उस्फ्रेत’, साल १९८८. ती संपल्यावर जो वाद झाला तो या लेखाचें निमित्त होय.

जॅझ हें अमेरिकेंतील निग्रो समाजानें घडविलेलें, उत्स्फूर्त वादनास प्राधान्य देणारें संगीत. त्याची रॉकशीं अथवा अन्य देशांच्या संगीताशीं सांगड घातली म्हणजे त्यास ‘फ्यूजन’ म्हणतात. या ध्वनिमुद्रिकेंत डॉन चेरी यांचा ट्रम्पेट, राल्फ टाउनर यांची गिटार आणि एल. शंकर यांचें व्हायोलिन आहे. या साऱ्यांच्या मध्यें एक ओळखीचा, किंचित् घोगरा स्वर उमटतो. तो वादकाच्या मातोश्रींचा, म्हणजे शोभा गुर्टू यांचा.

वादाचा प्रारंभ यजमानांच्या चुलत्यांनीं केला. त्यांचें सारें आयुष्य बैठकी ऐकण्यांत गेलें होतें. ते म्हणाले, “शोभाबाईंचा स्वर ऐकूं येतो, पण ठुमरी ऐकूं येत नाहीं. बाई बोल बनवूं लागतात तोंच हा ठोकाठोक सुरू करतो.” पुतण्यानें नम्रपणें उत्तर दिलें, “तात्या, बाईंचें नांव आम्हां मुलांना याच ध्वनिमुद्रिकेनें कळलें.” भजनांत ढोलकी वाजविणारे एक गृहस्थ कोपऱ्यांत बसले होते. त्यांनीं शुद्धाशुद्धतेचा प्रश्नच काढला नाहीं. “हें सारें एकटाच वाजवितो काय?” एवढेंच विचारून त्यांनीं ती पुन्हां लावावयास सांगितली.

या तीन मतांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: ताल धरणाऱ्यानें पुढें बसावें कीं मागें? आमच्या मैफलींत तबलजीस ‘साथीदार’ म्हणतात, आणि या शब्दांतच त्याचें स्थान ठरून जातें. तथापि इतिहास इतका सरळ नाहीं. बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत अहमदजान थिरकवा तबल्यास असत, आणि त्यांच्या वादनासाठीं कान टवकारणारे रसिक महाराष्ट्रांत पुष्कळ होते. पुढें अल्लारखांसाहेबांनीं रविशंकरांबरोबर परदेशांतील श्रोत्यांसही तबल्याकडे वळविलें. १९६८ सालीं त्यांची आणि अमेरिकन ड्रमवादक बडी रिच यांची संयुक्त ध्वनिमुद्रिका निघाली. तेथें तालवादक मुख्य आणि इतर वाद्यें त्यांच्या साथीस, असा उलटा क्रम प्रत्यक्षांत आला.

जॅझही मुंबईस परकें नव्हतें. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत वाजला; नंतर तें संगीत गोमंतकीय वादकांनीं आपलेंसें केलें आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत नेलें. १९७८ सालीं निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानें मुंबईंत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. याच शहरांत १९५१ सालीं त्रिलोक गुर्टू जन्मले. घरांत तबला, बाहेर पाश्चात्त्य तबकड्या. निरनिराळे भाग वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून मागाहून जोडतात हें ठाऊक नसल्यामुळें ते सारेच भाग एकट्यानें वाजवूं पाहत, असें त्यांनींच सांगितलें आहे. ढोलकीवाल्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४ मधील अपघाती निधनानंतर ‘ओरेगॉन’ या वाद्यसंघांत त्यांची जागा गुर्टूंनीं घेतली. जमिनीशीं गुडघे टेकून, तबला आणि ड्रम जवळजवळ मांडून ते वाजवितात.

आतां मातोश्रींकडे वळूं. त्यांचा जन्म १९२५ सालीं बेळगांवीं झाला. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या नर्तकी आणि अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या. शोभाबाईंना ख्यालाची तालीम त्याच घराण्यांत मिळाली. परंतु त्यांनीं ठुमरी, दादरा, कजरी यांत नांव मिळविलें आणि ‘पाकीझा’सारख्या चित्रपटांतही गायिल्या. म्हणजे घराण्याची चौकट ओलांडण्याचें धाडस मुलापूर्वीं आईनें केलें होतें. मुलाच्या वाद्यांमध्यें गावयास त्या बसल्या त्या फसून नव्हे, समजून बसल्या.

म्हणून तात्यांचें म्हणणें खोटें ठरतें असें मात्र नाहीं. ठुमरीस अवकाश लागतो. एका बोलाचे दहा अर्थ उलगडावयास घाई चालत नाहीं. तो अवकाश या ध्वनिमुद्रिकेंत थोडा आहे, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. आरंभीं तिचें सर्वत्र स्वागत झालें नाहीं; पुढें इंग्लंडमधील तल्विन सिंग प्रभृति तरुण वादकांस ती वाटाड्यासारखी झाली असें मानतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. मुलानें आईच्या गाण्याची प्रतिकृति केली नाहीं, तिच्यासाठीं नवी जागा मांडली. त्या जागेंत कांहीं मावलें, कांहीं बाहेर राहिलें. जें बाहेर राहिलें तें ऐकण्याची जबाबदारी मात्र श्रोत्यांची आहे. शोभाबाई २००४ सालीं निवर्तल्या. मागें राहिल्या त्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाच.

त्या रात्रीं वाद मिटला नाहीं. शेवटीं तात्यांनीं पुतण्यास सांगितलें, “आतां बाईंची एक ठुमरी लाव, नुसती तबल्यावरची.” त्यानें लावली. ती संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं, आणि मंडळी उठतांना पुतण्यानेंच विचारलें, “तात्या, हिच्यांत तबला कोणाचा?”