हान्सा संघ आणि त्याचें एकमेव शस्त्र

इ. स. १४६८ च्या उन्हाळ्यांत डेन्मार्कच्या राजानें बाल्टिक समुद्राच्या तोंडाशीं कांहीं इंग्रजी जहाजें पकडलीं. इंग्लंडांत मोठी ओरड झाली. आणि राजा चौथा एडवर्ड याच्या मंत्र्यांनीं या लुटींत जर्मन शहरांचाहि हात आहे असें ठरवून लंडनमधील जर्मन व्यापाऱ्यांस कैद केलें व त्यांचा माल जप्त केला. तुम्ही सारे एकाच संघाचे, तेव्हां एकाच्या अपराधाबद्दल सर्वांनीं भरपाई द्यावी, असा इंग्रजांचा दावा होता. त्यावर १४६९ सालीं या व्यापाऱ्यांच्या वतीनें जें म्हणणें मांडण्यांत आलें तें मोठें मासलेवाईक आहे. आम्हांस सामाईक मिळकत नाहीं, सामाईक शिक्का नाहीं. आपापला व्यापार सुखरूप चालावा म्हणून कांहीं शहरांनीं एकमेकांस दिलेला हात, एवढेंच काय तें आमचें ऐक्य, असा त्याचा मथितार्थ होता. ज्या हान्सा संघानें शंभर वर्षांपूर्वीं डेन्मार्कच्या राज्यास नमविलें होतें, त्यानें आपलें अस्तित्वच नाकारावें, हें ऐकून वाचकांस हंसूं येईल. हा वकिली कावा होता यांत शंका नाहीं. परंतु तो निव्वळ कावा नव्हता, असें आम्हांस वाटतें.

राज्य म्हटलें कीं राजा, खजिना आणि फौज या तीन गोष्टी डोळ्यांपुढें येतात. हान्सापाशीं राजा नव्हता, आणि खजिना व फौज हीं प्रसंगापुरतींच उभीं राहत. त्याच्या स्थापनेची सनद नाहीं, कारण तो कोणीं स्थापिलाच नाहीं. ‘हान्सा’ या जुन्या जर्मन शब्दाचा अर्थ जमाव किंवा मंडळी एवढाच. बाराव्या शतकांत परदेशीं जाणारे जर्मन व्यापारी चोरांच्या व चांच्यांच्या भयानें जथ्यानें निघत, आणि परक्या राजाकडे सवलती मागावयाच्या त्याहि जथ्याच्या नांवानें मागत. ११४३ सालीं वसलेलें व ११५९ सालीं सॅक्सनीचा ड्यूक हेन्री यानें पुन्हां उभारलेलें ल्युबेक शहर हें या मंडळींचें माहेरघर झालें. पुढें जथ्यांचें काम शहरांनींच अंगावर घेतलें. १२४१ सालीं ल्युबेक व हॅम्बुर्ग यांनीं आपल्यामधील रस्ता निर्धास्त राखण्याचा करार केला. आणि अशा करारांचें जाळें वाढतां वाढतां १३५६ सालीं ल्युबेक येथें शहरांच्या प्रतिनिधींची पहिली सर्वसाधारण सभा भरली.

या एका रस्त्याचें एवढें महत्त्व कां, तें नकाशा पाहिला म्हणजे कळतें. ल्युबेकचें तोंड बाल्टिक समुद्राकडे, हॅम्बुर्गचें उत्तर समुद्राकडे. आणि समुद्रानें जावें तर डेन्मार्कला लांब वळसा. शिवाय ल्युबेकच्या दक्षिणेस लुनेबुर्ग येथें खाऱ्या पाण्याचे झरे होते, आणि स्वीडनच्या दक्षिण टोंकाशीं, तेव्हां डेन्मार्कच्या ताब्यांत असलेल्या स्कोने प्रांताच्या किनाऱ्यावर, दरवर्षीं हेरिंग माशांच्या झुंडी येत. मीठ नसेल तर मासा दोन दिवसांत कुजतो. मीठ असेल तर तो पिपांत भरून शेंकडों कोस जातो. उपवासाच्या दिवशीं मांस वर्ज्य करणाऱ्या ख्रिस्ती युरोपास त्या माशाची गरज होती. याच वाटांनीं रशियांतील मेण व लोंकरीचीं कातडीं, प्रशियाचें धान्य, स्वीडनचें तांबें पश्चिमेस जाई, आणि फ्लँडर्सचें कापड पूर्वेस येई. १९६२ सालीं ब्रेमेन येथें वेझर नदींत १३८० च्या सुमाराचें एक जहाज सांपडलें. त्याची उंच बाजू व रुंद पोट पाहतां, डौलापेक्षां माल किती मावेल इकडेच बांधणाराचें लक्ष होतें, हें उघड दिसतें.

परदेशांत या संघाच्या चार मोठ्या वखारी होत्या: नॉव्हगोरोद, बर्गेन, ब्रूज आणि लंडन. नॉव्हगोरोद येथें माल सेंट पीटरच्या दगडी देवळांत ठेवीत. बर्गेनच्या वखारींत राहणाऱ्या जर्मनांस लग्न करण्याची मनाई होती; परक्या गांवांत सोयरीक झाली कीं वखारीचीं गुपितें बाहेर पडतील, ही धास्ती.

आतां प्रश्न असा कीं, कायमची फौज नसतां हीं शहरें एकमेकांस बांधलेलीं कशीं राहिलीं? याचें उत्तर आपल्या गांवकीच्या भाषेंत एका शब्दानें देतां येतें: वाळीत टाकणें. जें शहर सभेचा ठराव मोडील, त्याच्याशीं कोणीं देवघेव करूं नये, त्याच्या व्यापाऱ्यांस परदेशच्या वखारींत थारा देऊं नये, अशी आज्ञा सुटे. १२८४ सालीं शहरांनीं नॉर्वेस धान्य जाऊं देण्याचें बंद केलें, तेव्हां अन्नावांचून तेथील राजास दुसऱ्याच वर्षीं पड खावी लागली. त्या वेळीं ब्रेमेननें नाकेबंदींत सामील होण्याचें नाकारलें. त्या शहरास पुन्हां संघाच्या पंक्तीस बसावयास १३५८ साल उजाडावें लागलें.

तरवार संघानें क्वचितच उपसली. १३६१ सालीं डेन्मार्कचा राजा चौथा व्हाल्डेमार यानें गॉटलंड बेटावरील व्हिस्बी शहर घेतलें. दुसऱ्या वर्षीं ल्युबेकचा नगराध्यक्ष योहान व्हिटेनबोर्ग आरमार घेऊन त्याजवर गेला आणि हरला. त्याच्या शहरानें १३६३ सालीं त्याचा शिरच्छेद केला. मग १३६७ सालीं कोलोन येथें शहरांनीं एकी केली, आणि १३७० च्या स्ट्रालझुंडच्या तहानें स्कोने किनाऱ्यावरील चार किल्ले व तेथील दोनतृतीयांश वसूल पंधरा वर्षांसाठीं मिळविला. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, मुदत संपतांच ते किल्ले त्यांनीं परत केले. त्यांस मुलूख नको होता. माशाचा बाजार हवा होता.

येथवर वाचून, राजांच्या अमदानींत नागरिकांनीं उभारलेलें हें स्वातंत्र्याचें मंदिर, असें म्हणण्याचा मोह होतो. आणि तसें म्हणणारे इतिहासकारहि झाले आहेत. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. उत्तर नॉर्वेचा कोळी सुकविलेला मासा बर्गेनला आणी आणि त्याच्या मोबदल्यांत जर्मनांकडून धान्य घेई. पुढील वर्षाच्या माशावर यंदाच धान्य उचललें कीं तो त्या वखारीचा कायमचा ऋणको होई. घरच्या रयतेची स्थितीहि फारशी निराळी नव्हती. १३७४ सालीं ब्राउनश्वाइग येथील कारागीर करांच्या जाचास कंटाळून उठले व त्यांनीं श्रीमंतांची नगरसभा उलथून पाडली. व्यापाराचा कोणताहि नियम या शहरानें मोडला नव्हता. तरी १३७५ सालीं तें वाळीत पडलें, आणि प्रायश्चित्त घेऊन १३८० सालीं आंत आलें. म्हणजे हें शस्त्र केवळ व्यापाराच्या रक्षणासाठीं नव्हतें; घरोघरच्या मूठभर धनिकांची सत्ता राखण्यासाठींहि होतें.

शस्त्राचा एक दोष असा कीं, दुसऱ्यास आपली गरज आहे तोंवरच तें चालतें. पंधराव्या शतकांत हॉलंडचे लोक मोठ्या जहाजांनीं डेन्मार्कला वळसा घालून बाल्टिकांत शिरले, आणि उत्तर समुद्रांतच हेरिंग धरूं लागले. १४९४ सालीं मॉस्कोचा तिसरा इव्हान यानें नॉव्हगोरोदची वखार बंद केली. ब्रूजची खाडी गाळानें भरली व व्यापार अँटवर्पला गेला. अशा वेळीं नव्या वाटा शोधण्याऐवजीं हान्सानें जुन्या सनदा पुढें केल्या व जुनेंच शस्त्र उगारलें. १५९७ सालीं संघाच्या आग्रहावरून बादशहा दुसरा रुडोल्फ यानें इंग्रज व्यापाऱ्यांस जर्मनींतून हांकलून दिलें. राणी एलिझाबेथनें १५९८ सालीं लंडनची हान्सा वखार बंद करून त्याची परतफेड केली. पुढें दोनच वर्षांनीं, ३१ डिसेंबर १६०० रोजीं, याच राणीनें लंडनच्या दुसऱ्या एका व्यापारी मंडळीस पूर्वेकडील व्यापाराचा मक्ता दिला. त्या मंडळीची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. तिनेंहि वखारींपासूनच आरंभ केला. परंतु हातीं आलेले किल्ले मुदतीनंतर परत करण्याची हान्साची रीत मात्र तिनें उचलली नाहीं.

१६६९ सालीं ल्युबेक येथें शेवटची सभा भरली. आलीं तीं थोडींच शहरें. संघ मोडल्याचा ठराव कोणीं केला नाहीं, जसा तो स्थापिल्याचाहि कोणीं केला नव्हता. ल्युबेक, हॅम्बुर्ग व ब्रेमेन यांच्या मोटारींच्या क्रमांकाआधीं अजून ‘हान्सा नगर’ याचें आद्याक्षर असतें, आणि बर्गेनच्या लाकडी वखारी पाहण्यास लोक दुरून येतात. एका गरजेंतून शेंकडों मैलांवरचीं शहरें राजाच्या हुकुमाशिवाय शतकानुशतकें एकत्र नांदलीं, हें त्यांचें यश खरोखर मोठें आहे. परंतु इतरांस बाहेर ठेवण्यांतच ज्या एकीचें बळ असतें, तिला बाहेरच्यांचें बळ कधीं वाढलें तें कळत नाहीं. आणि मग एके दिवशीं वाळीत कोण पडलें, तें दाराच्या कोणत्या बाजूस उभें राहून पाहावें, हा प्रश्न पडतो. ल्युबेकच्या सभागृहांत १६६९ सालीं रिकाम्या राहिलेल्या आसनांनीं त्या प्रश्नाचें उत्तर दिलें.