डेमो-ध्वनिमुद्रणांचे पुनःसंस्करण : पाठचिकित्सेच्या दृष्टीने

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात ‘डेमो’ या प्रकाराचे स्थान विलक्षण आहे. डेमो प्रकाशनासाठी केलेला नसतो. एखाद्या ध्वनिमुद्रण-कंपनीस, कार्यक्रम ठरविणाऱ्यास किंवा परिचित रसिकास आपले गाणे ऐकविता यावे, एवढ्याच हेतूने तो थोड्या पैशांत व थोड्या तासांत उरकलेला असतो. लेखकाच्या कच्च्या खर्ड्याशी त्याचे साम्य उघड आहे. परंतु खर्डा बहुधा लेखकाच्या घरातच राहतो, तर डेमो हातोहात फिरतो. विशेषतः १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रॉक व मेटल संगीताच्या वर्तुळांत कॅसेटवर उतरविलेले डेमो टपालाने देशोदेशी जात होते, आणि कित्येक गायक-वादकांची पहिली कीर्ती अशा अप्रकाशित फितींवरच उभी राहिली. पुढे हेच डेमो स्वच्छ करून, सुधारून, नव्या वेष्टनात प्रकाशित होऊ लागले. तेव्हा पाठचिकित्सेच्या अभ्यासकास परिचित असलेला प्रश्न येथेही उभा राहतो : श्रोत्याच्या कानी पडणारा हा पाठ नेमका कोणाचा आणि कोणत्या काळचा?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी तीन क्रियांमधील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. जुन्या फितीवरील ध्वनी शक्य तितक्या निर्दोषपणे उतरवून घेणे आणि काळाने केलेली हानी दूर करणे, हे पुनःस्थापन होय. उपलब्ध मिश्रणास हात न लावता त्याचा एकंदर ध्वनितोल व उंची बदलणे, हे रीमास्टरिंग. वाद्ये व आवाज यांच्या मूळ स्वतंत्र मार्गिकांवरून मिश्रणच नव्याने करणे, हे रीमिक्सिंग. प्रतीची डागडुजी, मुद्रणासाठी संस्करण आणि संहितेची पुनर्रचना या तीन संपादकीय पायऱ्यांशी त्यांची तुलना करता येईल. बाजारात मात्र तिन्ही क्रिया ‘रीमास्टर्ड’ या एकाच शब्दाखाली येतात आणि गोंधळाचे मूळ बरेचसे तेथेच आहे.

१. हरवलेली मूळ प्रत

आयर्न मेडन या ब्रिटिश चमूने १९७८ च्या अखेरच्या दोन दिवसांत केंब्रिज येथील स्पेसवर्ड स्टुडिओत चार गाणी ध्वनिमुद्रित केली. मूळ फीत विकत घेण्याइतके पैसे त्या वेळी चमूजवळ नव्हते. काही दिवसांनी ते परतले, तोपर्यंत स्टुडिओने ती फीत पुसून दुसऱ्या कामासाठी वापरली होती. त्यामुळे त्या गाण्यांचे मिश्रण पुन्हा करण्याची शक्यता कायमची संपली. हातात उरलेल्या ध्वनिमुद्रणातील तीन गाणी नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘द साउंडहाउस टेप्स’ या नावाने ५,००० तबकड्यांच्या रूपात निघाली व टपालाने विकली गेली. शीर्षकातील ‘साउंडहाउस’ म्हणजे लंडनच्या किंग्जबरी भागातील ते ठिकाण, जेथे नील के हा निवेदक-तबकडीवादक हा डेमो श्रोत्यांना ऐकवीत असे. ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ हे चौथे गाणे वगळण्यात आले होते; ते १९९६ च्या ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’ या संकलनात प्रकाशित झाले.

येथील स्थिती पाठचिकित्सकास ओळखीची वाटेल. आदिप्रत नष्ट झाली आहे, तिच्यापासून निघालेली प्रत उरली आहे, आणि पुढचे प्रत्येक संस्करण तिच्याच मर्यादेत राहणार आहे. मात्र ही आदिप्रत आगीत किंवा वाळवीने गेली नाही. कोरी फीत महाग होती म्हणून ती गेली. जुना मजकूर खरवडून त्याच चर्मपत्रावर नवा लिहिण्याची मध्ययुगीन युरोपीय रीत विसाव्या शतकातील स्टुडिओत याच आर्थिक कारणाने चालू राहिली, असे म्हणता येईल.

२. प्रतींचा वंशवृक्ष

मेटॅलिका या अमेरिकन चमूचा सात गाण्यांचा डेमो ‘नो लाइफ टिल लेदर’ जुलै १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्याचा प्रसार जवळजवळ सर्वस्वी प्रतींच्या प्रतींतून झाला. कॅसेटवरून कॅसेट उतरविताना प्रत्येक पिढीत फितीची सळसळ वाढते, वरच्या पट्टीतील ध्वनी झिजतात आणि दोन यंत्रांच्या वेगांतील फरक सुरांत उतरतो. लेखनिकाच्या प्रमादांप्रमाणेच हे दोष वंशपरंपरेने चालतात. त्यांवरून दोन प्रतींचे नाते ओळखता येते व प्रतींच्या शाखा मांडता येतात.

या डेमोचे ऐतिहासिक मोल त्यातील पाठभेदांत आहे. त्यात प्रमुख गिटार डेव्ह मस्टेनचे व बास रॉन मॅकगव्हनीचे आहे. जुलै १९८३ मध्ये ‘किल ’एम ऑल’ हा पहिला संग्रह निघाला, तोवर मॅकगव्हनीच्या जागी क्लिफ बर्टन आणि मस्टेनच्या जागी कर्क हॅमेट आला होता. डेमोतील सातही गाणी संग्रहात आहेत, पण ती बदललेल्या चमूने वाजविलेली आहेत. ‘मेकॅनिक्स’ या गाण्याचे उदाहरण बोलके आहे. मेटॅलिकाच्या संग्रहात ते नव्या शब्दांसह व वाढीव भागासह ‘द फोर हॉर्समेन’ झाले. मस्टेनने स्थापिलेल्या मेगाडेथच्या १९८५ मधील पहिल्या संग्रहात ते जुन्या नावाने, अधिक द्रुत लयीत आले. एका मूळ पाठाच्या दोन शाखा फुटल्या आणि त्यांचा समान पूर्वज डेमोच्या कॅसेटवर राहिला.

एप्रिल २०१५ मध्ये हा डेमो रीमास्टर करून मर्यादित संख्येने पुन्हा कॅसेटवरच काढण्यात आला. वेष्टनावर लार्स उल्रिखच्या हस्ताक्षराची प्रतिकृती होती. विस्तारित आवृत्तीचा बेत मात्र अडला आणि त्यामागे गाण्यांच्या श्रेयाविषयीचा मतभेद असल्याचे मस्टेनने जाहीरपणे सांगितले. खासगी प्रसारात ज्या खर्ड्यावर कर्त्यांची नावे नोंदविण्याची निकड नव्हती, तोच खर्डा अधिकृत प्रकाशनाच्या वाटेवर येताच कर्तृत्वाचा प्रश्न विचारू लागला.

३. मळ आणि साक्ष

पुनःस्थापनाचे काम संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होते. प्रथम उपलब्ध प्रतींपैकी मूळाला सर्वांत जवळची प्रत निवडावी लागते. मग वाचक-शीर्षाचा कोन फितीवरील मुद्रणाच्या कोनाशी जुळवावा लागतो, कारण तो किंचित चुकला तरी झांजांचा झळाळ हरवतो. १९७० व ८० च्या दशकांतील काही रीळ-फितींचा बंधक-लेप हवेतील ओलाव्याने चिकट झालेला असतो. अशी फीत सुमारे ५४ अंश सेल्सिअस तापमानात काही तास शेकल्यावर तात्पुरती वाजविण्याजोगी होते. यानंतर वेगाचा प्रश्न येतो. फीत सुमारे ६ टक्के वेगाने पळाली तर गाणे अर्ध्या सुराने चढते. गिटारी नेमक्या कोणत्या सुराला लावल्या होत्या हे ठाऊक नसेल, तर खरा वेग ठरवायचा कशावरून?

येथे एक अनपेक्षित साक्षीदार मदतीस येतो. घरगुती किंवा स्वस्त ध्वनिमुद्रणात वीजपुरवठ्याची गुणगुण बहुधा उतरलेली असते. अमेरिकेत तिची वारंवारता सेकंदाला ६० आणि ब्रिटनमध्ये ५० आवर्तने असते. फितीवर ती चढी किंवा उतरती आढळली, तर वेग किती चुकला याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे संपादक जी गुणगुण मळ म्हणून पुसायला बसला आहे, तीच पाठाच्या शुद्धतेचा एक पुरावा असते. मळ आधी पुसला, तर साक्षही पुसली जाते.

मेटल संगीतात हा पेच अधिक तीव्र होतो, कारण ध्वनीची विकृती हे त्या शैलीचे अंगच आहे. सळसळ कमी करणाऱ्या प्रणालीस फितीचा दोष आणि गिटारीची हेतुपूर्वक खरखर यांतील भेद सहज कळत नाही. दोन्ही ध्वनिपटाच्या त्याच भागात पसरलेल्या असतात. पुढे १९९० च्या दशकारंभी नॉर्वेच्या ब्लॅक मेटल चमूंनी डेमोचा ओबडधोबडपणा जाणीवपूर्वक आदर्श मानला. पहिल्या पिढीत गरिबीने आलेला दोष दुसऱ्या पिढीत अलंकार झाला. तेव्हा कोणता दोष दूर करावा हे केवळ कानाने ठरत नाही. त्यासाठी त्या शैलीचा इतिहास जाणावा लागतो.

४. मिश्र पाठ

जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी ‘नाउ अँड देन’ हे गाणे पियानोवर गाऊन कॅसेटवर उतरविले होते. ही कॅसेट योको ओनो यांनी १९९४ मध्ये पॉल मॅकार्टनी यांच्याकडे दिली. त्या वेळी मिळालेल्या लेननच्या डेमोंपैकी दोन गाणी १९९५ व १९९६ मध्ये पूर्ण होऊन निघाली. हे तिसरे मात्र सोडून द्यावे लागले. आवाज व पियानो एकाच मार्गिकेवर मिसळलेले होते आणि त्यांवर गुणगुण पसरली होती. पुढे पीटर जॅक्सन यांच्या चमूने ‘गेट बॅक’ या २०२१ च्या माहितीपटमालिकेसाठी यंत्र-अध्ययनाची पद्धत विकसित केली. तिने लेननचा आवाज वेगळा काढता आला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी गाणे प्रकाशित झाले.

परंतु प्रकाशित झालेले गाणे हे त्या डेमोचे केवळ पुनःस्थापन नव्हे. त्यात जॉर्ज हॅरिसनचे १९९५ चे गिटारवादन आहे, नवे तंतुवाद्यवृंद आहेत, बीटल्सच्या १९६० च्या दशकातील गाण्यांतून घेतलेले पार्श्वस्वर आहेत. आणि लेननच्या डेमोतील एक भाग गाळलेला आहे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा मिश्र पाठ ठरतो. निर्मिती म्हणून तो सर्वस्वी वैध आहे, आणि तो कसा घडला हे सांगणारा लघुपटही त्यासोबत काढण्यात आला. तरी त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस १९६२ चे ‘लव्ह मी डू’ होते. कॅसेटवरील डेमो नव्हता. श्रोत्यास निर्मितीची कथा मिळाली, पण ताडून पाहण्यासाठी प्रत मिळाली नाही.

५. तळटिपेचा प्रश्न

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वरच्या भागात सिद्ध केलेला पाठ आणि खाली नाना शाखांतील पाठभेद दिले आहेत. जेथे पाठ निःसंशय नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. वि. स. सुखटणकर यांनी १९३३ च्या प्रस्तावनेत आपण व्यासांची मूळ प्रत परत मिळविली असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल असे प्राचीनतम रूप, एवढेच त्यांनी म्हटले. संपादकाच्या निर्णयाशी असहमत होण्याचे साधन त्याच पानावर वाचकाच्या हाती दिलेले आहे. त्या आवृत्तीची प्रतिष्ठा पाठाच्या शुद्धतेइतकीच या सोयीवर उभी आहे.

ध्वनीच्या क्षेत्रातही हे तत्त्व अपरिचित नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनि-दृक्‌श्राव्य अभिलेखागार संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फितीवरून प्रथम कोणताही सौंदर्यात्मक बदल न करता प्रत उतरवून ती जपावी आणि संस्करण दुसऱ्या प्रतीवर करावे. अभिलेखागारांत ही शिस्त रूढ आहे. व्यापारी पुनःप्रकाशनात ती क्वचितच श्रोत्यापर्यंत पोहोचते. ती नसेल तर काय घडते, हे डेमोंबाहेरच्या एका उदाहरणावरून दिसते. ऑझी ऑसबर्नच्या पहिल्या दोन संग्रहांच्या २००२ च्या आवृत्तीत बॉब डेझ्लीचे बास आणि ली कर्स्लेकचे ढोलवादन काढून तेथे इतरांकडून वाजवून घेतलेले भाग घालण्यात आले. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. दुरुस्ती शक्य झाली, कारण मूळ फिती होत्या आणि जुन्या तबकड्या हजारो घरांत होत्या. ज्या डेमोच्या दोन-चार झिजलेल्या कॅसेटच उरल्या आहेत, त्यास असे संरक्षण नाही. त्याचे स्वच्छ केलेले रूप एकदा प्रचलित झाले की पुढच्या पिढीसाठी तेच मूळ ठरते.

म्हणून डेमोच्या पुनःसंस्करणाची कसोटी केवळ श्राव्यता ही असू शकत नाही. कोणती प्रत घेतली, वेग कशाच्या आधारे ठरविला, काय काढले आणि काय नव्याने घातले, यांची नोंद आणि सोबत संस्कार न केलेली प्रत एवढे दिले, तर प्रत्येक श्रोता संपादकाचा निर्णय स्वतः तपासू शकेल. पाठचिकित्सेच्या परंपरेने ही जबाबदारी शब्दांच्या बाबतीत दीर्घकाळ सांभाळली आहे. नागमोडी रेघ ऐकू येत नाही. ती वेष्टनावरच्या मजकुरात लिहावी लागते.