निनावी कबरींचा सातबारा

महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात इंदापूर तालुक्याला मानाचे स्थान आहे. प्रिंगलची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली ती याच तालुक्यात. पुढे ती साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. आज आपल्या हाती येणाऱ्या सातबाऱ्याची वंशावळ अशी या भीमाकाठच्या कोरडवाहू रानापर्यंत पोचते. मोजणीचा हेतू मात्र सारा बसवणे हा होता. शेत कुणाचे, माती कोणत्या प्रतीची, आकार किती, एवढे तिला हवे होते. ज्या तुकड्यावर सारा बसत नाही तो पोटखराबा. रस्ता, तळे, मसणवटा, कबरस्तान हे पोटखराब्याच्या 'ब' वर्गात जातात. नोंद झाली तर, अर्थात. नाही झाली, तर ती जागा कागदावर शेतच राहते आणि शेत नांगरले जाते.

आम्हांला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या दफनाची रीतच खुणा टाळणारी आहे. कच्ची कबर, वर मातीचा उंचवटा, उशाशी एखादा दगड. चार पावसाळ्यांत उंचवटा बसतो आणि दगड कुणी तरी बांधाला लावतो. थडग्याचा बडेजाव नको ही शिकवण थोरच आहे. पण कायदा खुणेला आणि कागदाला ओळखतो, साधेपणाला नाही. दर्ग्याची काळजी घ्यायला मुजावर असतो, उरूस असतो. इंदापुरात चाँदशाहवली बाबांची जागा सगळ्या जातीधर्माच्या लोकांना ठाऊक आहे. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले असे इतिहास सांगतो, आणि त्यांचे नाव इथल्या गढीने जपले आहे. नगरच्या शाह शरीफांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवणारे हे राजे. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंनी जे साधे शिपाई पडले, त्यांच्यासाठी ना गढी ना दर्गा. दख्खनच्या त्या फौजांत मराठे, दख्खनी मुसलमान, हबशी सारेच असत.

खोदकामात हाडे निघाली तर कायदा काय म्हणतो? आधी पोलीस येतात. अनोळखी मृतदेहाचा पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. संशयास्पद मृत्यू नाही असे ठरले की पोलिसांचे काम संपते. दफनभूमीच्या विटंबनेसाठी भारतीय दंड संहितेचे कलम २९७ होते, ते आता न्याय संहितेत ३०१ झाले आहे. त्यात भावना दुखावण्याचा हेतू, किंवा आपल्या कृत्याने त्या दुखावतील याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. खाली कबर आहे हेच ठाऊक नसलेल्या जेसीबीवाल्यावर हे कलम कसे लागणार? आणि त्याला ठाऊक व्हावे अशी खूण कुठे असते?

उरतो पुरातत्त्वाचा कायदा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत दफनस्थानही येते, मात्र ते किमान शंभर वर्षांचे आणि ऐतिहासिक महत्त्वाचे हवे. संरक्षण मिळते ते घोषित झालेल्या स्थळाला. हाडांसाठी म्हणून वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेने १९९० मध्ये आदिवासींच्या पूर्वजांचे अवशेष वंशजांना परत करण्याचा कायदा केला, तसे इथे काही नाही.

त्यामुळे सारे खोदणाऱ्याच्या विवेकावर येते. भीमेच्याच खोऱ्यात, घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि आपले झैनुद्दीन अन्सारी हे त्याचे कर्तेधर्ते. तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक आपली मुले घरातल्याच जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. हे कळले ते हाडे जागच्या जागी, मातीच्या थरासह नोंदवली म्हणून. उलट पंजाबातल्या अजनाळ्याला १८५७ च्या शिपायांची विहीर २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी श्रद्धेने, पण घाईने उपसली. हाडांचा चुरा झाला. ते शिपाई गंगेच्या खोऱ्यातले होते, हे शास्त्रज्ञांना २०२२ मध्ये दातांवरून सांगता आले एवढेच. श्रद्धा होती, पद्धत नव्हती.

कबरस्तानाला निराळा आधार होता तो वापराचा. मुलतानच्या एका जमिनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९१२ मध्ये, दीर्घकाळ दफन होत आल्याने जागा वक्फ ठरते, हे मान्य केले. कागद नसला तरी मुर्दे साक्ष देत. वक्फ दुरुस्ती कायदा, २०२५ ने हा आधार पुढच्यासाठी काढून घेतला. आधी नोंदलेल्या जागा वक्फ राहतील, त्याही वाद नसेल आणि सरकारी जमीन नसेल तर. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात या तरतुदीला स्थगिती दिली नाही. पश्चिम महाराष्ट्रात तर आणखी गुंता आहे. इथले जुने न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले. राज्याचे वक्फ मंडळ आले २००२ मध्ये. या दोन दप्तरांच्या फटीत खेड्यापाड्यांतली किती तरी लहान कबरस्ताने राहून गेली. आपल्या पंचांना त्याची घाई कधी वाटली नाही, हेही खरे.

बारामती-इंदापूरच्या गावांत म्हणून पहिले काम मोजणीचेच आहे. जुना फाळणी नकाशा काढावा, 'ब' वर्गाचा पोटखराबा तपासावा, दफनाचे वर्ष सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्यांचे जबाब तहसीलदारांपुढे व्हावेत. ज्या गावात एकच मुस्लिम घर उरले आहे, तिथे हे आधी. शेजारच्या लिंगायत, गोसावी समाजातही दफन करतात. त्यांचीही अडचण हीच. अर्ज एकत्र गेला तर तो जड होईल.

उजनीच्या पाण्याखाली गेलेल्यांना ही वाटही नाही. १९८० मध्ये धरण भरले, जुन्या पळसदेवसारखी गावठाणे बुडाली. संपादन झालेल्या जमिनीवरचे जुने सारे हक्क संपतात, मृतांचेही. पाणी फार ओसरले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते आणि माणसे होड्या करून बघायला जातात. कच्च्या कबरीला शिखर नसते.