आर्स टेक्निका

संगणकवेड्या वाचकांसाठी सुरू झालेले अमेरिकन ऑनलाइन नियतकालिक. केन फिशर व जॉन स्टोक्स यांनी १९९८ मध्ये त्याची स्थापना केली. घरी सुटे भाग जोडून संगणक बांधणारे हौशी लोक हा त्याचा पहिला वाचक. या वाचकाला केवळ वेगाचे आकडे नकोत, त्यामागचे कारणही हवे, हे संस्थापकांनी ओळखले, आणि नियतकालिकाची वाढ याच जाणिवेतून झाली. स्टोक्स यांनी २००१ मध्ये पेंटियम ४ व जी४ई या प्रोसेसरांची रचना तपशिलात तपासली. पहिल्यात एका सूचनेवरील काम २० टप्प्यांत विभागलेले, दुसऱ्यात ७. टप्पे लहान केले की घड्याळगती वाढवता येते. मात्र पुढे कोणती सूचना येईल हा प्रोसेसरचा अंदाज चुकला, तर बरेच अर्धवट काम टाकून द्यावे लागते. निव्वळ मेगाहर्ट्झ पाहून संगणक निवडणाऱ्यांसाठी हे विवेचन मोलाचे होते. जॉन सिराकुसा यांची मॅक ओएस टेनवरील प्रदीर्घ परीक्षणे (१९९९–२०१४) तर या लेखनप्रकाराचा मानदंडच ठरली.

२००८ मध्ये काँदे नास्त या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. पुढे विज्ञान, अंतराळ, कायदा व धोरण हे विषयही त्यात ठळक झाले. जाहिराती रोखणाऱ्या वाचकांपासून मजकूर काही तास दडवण्याचा प्रयोग मार्च २०१० मध्ये झाला. जाहिरातींसोबत वाचकांची वर्गणी हाही त्याच्या उत्पन्नाचा एक मार्ग आहे.