फिजी बेटांतील ‘ताम्बू’

फिजी बेटांचें नांव महाराष्ट्रीय वाचकांस परिचित आहे तें गिरमिटाच्या कहाणीमुळें. करारबद्ध मजुरांची भरती बंद करावी, असा ठराव नामदार गोखले यांनीं १९१२ सालीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत मांडला होता. परंतु तेथील मूळ रहिवाशांनीं आपल्या समुद्राची राखण कशी केली, ही हकीकतही तितकीच मननीय आहे. आणि ती गिरमिटाच्या इतिहासाशीं एका चमत्कारिक धाग्यानें जोडलेली आहे.

फिजींत प्रत्येक कुळसमूहाची जमीन जशी ठरलेली, तसा किनाऱ्यापासून प्रवाळाच्या बाहेरील कडेपर्यंतचा समुद्रही ठरलेला असे. ह्या सामाईक क्षेत्रास तेथें ‘गोलीगोली’ म्हणतात. नायक मरण पावला म्हणजे त्याच्या सन्मानार्थ ह्या क्षेत्राचा कांहीं भाग शंभर रात्रींपर्यंत मासेमारीस वर्ज्य करीत. ह्या निषेधाचें नांव ‘ताम्बू’. कॅप्टन कुक यानें १७७७ सालीं टोंगा बेटांत ऐकलेला व पुढें इंग्रजींत रूढ झालेला शब्द तो हाच. मुदत संपतांच तेथें विपुल मासे सांपडत आणि मोठी मेजवानी होई. तेव्हां ही चाल निसर्गरक्षणाच्या हेतूनेंच निघाली, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि राखलेला समुद्र पुन्हा भरतो, हा अनुभव तिनें पिढ्यान्‌पिढ्या जागता ठेवला, हें तिचें खरें फळ होय.

नायकांची सत्ता नेहमींच राखणारी होती असेंही नव्हे. म्बुआ उपसागराच्या आसपासचें चंदन परदेशी व्यापारी व स्थानिक नायक यांनीं मिळून १८०४ ते १८१४ ह्या दहा वर्षांत जवळजवळ संपविलें. ज्या आज्ञेनें कुऱ्हाड थांबते, त्याच आज्ञेनें ती चालतेही.

१८७४ सालीं थाकोम्बाऊ व इतर नायकांनीं हीं बेटें ब्रिटिशांच्या स्वाधीन केलीं. पुढल्याच वर्षीं गव्हर्नर म्हणून आलेल्या सर आर्थर गॉर्डन यानें मूळ रहिवाशांच्या जमिनी व ग्रामसंस्था राखण्याचें धोरण धरलें. त्यांच्या तरुणांस मळ्यांवर राबविण्याऐवजीं त्यानें हिंदुस्थानांतून मजूर आणविले. १८७९ ते १९१६ पर्यंत असे सुमारें ६० हजार लोक तेथें गेले. ज्या धोरणानें फिजीची सामाईक मालकी वांचली, त्याच धोरणानें त्या मालकींत वांटा नसलेला एक समाज तेथें निर्माण झाला.

समुद्रतळाची मालकी मात्र सरकारची ठरली; गांवांकडे उरला तो मासेमारीचा हक्क. पुढें बाजारासाठीं मासेमारी वाढली आणि किनाऱ्यावरील धन ओसरूं लागलें. विती लेवू बेटावरील वेराता जिल्ह्यांत उथुनिवानुआ नांवाचें गांव आहे. तेथील स्त्रिया ओहोटीच्या चिखलांतून ‘काईकोसो’ नांवाचे शिंपले वेंचीत. ते मिळेनासे झाले. तेव्हां १९९७ सालीं गांवानें, दक्षिण पॅसिफिक विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या साहाय्यानें, २४ हेक्टर क्षेत्रावर तीन वर्षांचा ताम्बू घातला. मोजणी करण्यास गांवकरीच शिकले. २००४ पर्यंत राखीव क्षेत्रांतील शिंपले तेरापट व शेजारच्या खुल्या भागांतील पांचपट झाले. २००१ सालीं अशा गांवांचें एक जाळें उभें राहिलें व पुढें शेंकडों गांवें त्यांत आलीं.

ह्या यशाचें मर्म उघड आहे. आज सोडलेला शिंपला उद्यां आपल्याच मुलांच्या हातीं पडेल, ही खात्री असल्यावांचून कोणी हात आवरीत नाहीं. आणि ती खात्री मालकीच्या भावनेंतूनच येते. परंतु मालकी म्हटली कीं परका आलाच. समुद्रतळाची मालकी कुळांकडे परत द्यावी, असें विधेयक फिजी सरकारनें २००६ सालीं आणलें. त्यावरून मोठा वाद माजला. सेनापति बैनीमारामा यानें त्यास विरोध केला आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत त्यानें सत्ता बळकावली, त्याच्या कारणांत ह्या विधेयकाचाही समावेश होता. विधेयक तेथेंच राहिलें.

ज्या कोळ्याचा पणजा गिरमिटावर आला, त्यास शेजारच्या गांवाच्या समुद्रांत उपजीविकेसाठीं जाळें टाकावयाचें तर आजही त्या गांवाची संमति लागते. ती संमति सौजन्यानें मिळते तोंवर ताम्बू सर्वांचें कल्याण करील. ती नाकारली गेली, तर शिंपले वांचतील, पण शेजार वांचणार नाहीं. सामाईक धनाची राखण करणाऱ्या प्रत्येक समाजास ‘आपण’ ह्या शब्दांत कोणाकोणास घ्यावयाचें, ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावेंच लागतें. फिजीनें समुद्र राखण्याची युक्ति जगास दाखविली. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यास अद्याप शोधावयाचें आहे.