विम उघडताच सगळं तयार : ‘डॉट विमआरसी’ फाइलीचं काम

लिनक्स सर्व्हरवर हमखास भेटणारा विम हा टेक्स्ट एडिटर डच प्रोग्रामर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर आणला. सुरू होताना तो होम फोल्डरमधली ‘डॉट विमआरसी’ ही फाइल वाचतो (विंडोजवर डॉटच्या जागी अंडरस्कोअर). ओळींचे नंबर दाखव, टॅबऐवजी स्पेस टाक, अशा ज्या कमांड एरवी रोज कोलन दाबून द्याव्या लागतात, त्या इथे एकदाच लिहायच्या. फाइल साधी टेक्स्ट असते. पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर टाकली की आपल्या सवयीचा एडिटर तिथे हजर! कॉलेजच्या लॅबमध्ये रोज वेगळ्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना हे फार उपयोगी.

नवख्यांची पंचाईत मात्र पहिल्याच ओळीला होते. स्वतःची फाइल नसेल तर विम ८ पासून ‘डिफॉल्ट्स डॉट विम’ ही तयार फाइल आपोआप लागू होते. कोडचे रंग तिच्यातूनच येतात. आपण एका ओळीची का होईना, स्वतःची फाइल केली की ती तयार फाइल वाचलीच जात नाही आणि बऱ्याचदा रंग गायब होतात. माणूस म्हणतो, एडिटर बिघडला. बिघडलेलं काही नसतं. आपल्या फाइलीत सगळ्यात वर ‘सोर्स’ कमांडने डिफॉल्ट्स बोलावून घ्यायची, की झालं.

खरी गंमत ‘ऑटोकमांड’मध्ये आहे. पायथनची फाइल उघडली तर चार स्पेसचं इंडेंट, नवी सी फाइल उघडली तर ठरलेला सांगाडा आपोआप भरलेला. भाषेप्रमाणे नियम वेगळे ठेवलेले बरे. टॅबऐवजी स्पेस हा नियम मेकफाइललाही लागला तर बिल्ड अडतं, कारण तिथे कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो. ऑटोकमांड ‘ऑगग्रुप’मध्ये ठेवून सुरुवातीला जुन्या पुसायच्या, नाहीतर फाइल पुन्हा लोड केली की त्याच कमांड दुप्पट होतात.

कालच्या उघड्या फाइली तशाच हव्या असतील तर ‘एमकेसेशन’ने सेशन साठवायचं आणि दुसऱ्या दिवशी विम ‘हायफन कॅपिटल एस’ देऊन सुरू करायचा.

दुसऱ्याची शेकडो ओळींची फाइल जशीच्या तशी उचलू नये. तिच्यातली कमांड आपल्या मशीनवर आपल्याच अधिकाराने चालते. एडिटर हळू उघडू लागला तर ‘स्टार्टअपटाइम’ या पर्यायाने कुठे किती वेळ गेला ते कळतं, आणि ‘क्लीन’ पर्यायाने आपली फाइल वगळून विम उघडता येतो.